मुरबाडहून ठाण्याला, स्कूटरवरून

मुरबाडला रेल्वे नाही. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला बाजार असो, मोठा दवाखाना असो, मुलांचे कॉलेज असो की सरकारी कचेरी, घरातून निघायचे म्हणजे आधी तीसेक किलोमीटरवरचे कल्याण गाठायचे, आणि तेही रस्त्यानेच. पूर्वी हा प्रवास एस.टी.ने होत असे. टपावर भाजीच्या पाट्या चढत आणि आत माणसे दाटीवाटीने बसत. स्कूटर ही तेव्हा मास्तर, डॉक्टर आणि तालुक्याच्या साहेबांची चैन होती. बजाजची चेतक १९७२ साली बाजारात आली, त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. घरात स्कूटर आली की तिला हार घालून गावभर पेढे वाटत.

आता वाडीवर गेलो तरी बहुतेक अंगणांत एक दुचाकी उभी दिसते, आणि त्यात बिनगिअरची स्कूटर जास्त. कारण उघड आहे. ती मुलगा चालवतो, सून चालवते, कॉलेजला जाणारी नात चालवते, आणि वेळप्रसंगी पायाशी गोणी ठेवून आजोबाही चालवतात. एका घराची चार कामे ती करते. मलाही बैठकांसाठी वरचेवर ठाण्याला जावे लागते आणि शक्य असेल तेव्हा मी स्कूटरनेच जातो. त्या रस्त्यावर काय काय पाहिले ते आज सांगणार आहे. शेतीखात्यातल्या माणसाने खतांचे आणि बियाण्यांचे सोडून हे काय आरंभले, असे कोणी म्हणेल. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून मास्क, हातमोजे, चष्मा यांचे महत्त्व आम्ही गावोगाव सांगत आलो. फवारणी वर्षातून काही दिवस. स्कूटर रोजची. आणि स्कूटरच्या बाबतीत आपल्या घरांत एक विचित्र रीत पडली आहे. हेल्मेट एकच असते आणि ते चालवणाऱ्याचे असते. मागे बसणारी बायको, आई, लेक, मध्ये चेपून बसलेले पोर, यांची डोकी उघडी.

मुरबाड सोडले की मामणोली, गोवेलीपर्यंत रस्ता तसा डोळ्यांना सुखावणारा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, हिवाळ्यात भेंडीचे आणि काकडीचे पट्टे. हाच रस्ता पुढे मागे माळशेज घाटातून नगरकडे जातो, म्हणून ट्रक, टेम्पो, खडीचे डंपर, पर्यटकांच्या गाड्या सगळेच यावर. पहाटे कल्याणकडे निघालेले दूधवाले दादा पाहावेत. दोन्ही बाजूंना किटल्या, त्यांच्या कड्या हँडलच्या रेषेबाहेर आलेल्या. ट्रकला किटली नुसती घासली तरी गाडी फिरते. स्कूटरचा धोका वेगळा. पायाजवळच्या सपाट जागेत युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी उभी केली की हँडल पुरते वळत नाही आणि पाय पटकन खाली टेकता येत नाही. दुचाकीवर तोल गेला की माणूस प्रथम पाय टेकवतो. तो टेकवण्याची वाटच गोणीने बंद केलेली असते. गोणी न्यायचीच असेल तर मागच्या सीटवर आडवी, दोरीने आवळून न्यावी, आणि त्या फेरीला मागे माणूस बसवू नये. विळा, कोयता, फावडे हे गोणपाटात गुंडाळूनच बांधावे. पडल्यावर दुखापत रस्त्याने कमी आणि आपल्याच अवजाराने जास्त, असे होऊ नये.

गोवेलीच्या पुढे रायत्याला उल्हास नदी ओलांडायची. उल्हासला मोठा पूर आला की इथली वाहतूक थांबते. पाणी ओसरताना काही लोक घाई करतात. "गुडघाभरच हाय, जाईल गाडी," असे म्हणतात. गुडघाभर वाहते पाणी स्कूटरला बाजूला ढकलते, आणि पाण्याखालची साइडपट्टी जागेवर आहे की वाहून गेली हे वरून कळत नाही. थांबलेले बरे. कमी पाण्यातून गाडी काढली तरी बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबत थोडे अंतर हळू चालवावे. ओले लायनर ऐन वेळी पकडत नाहीत.

रात्रीचा इथला धोका म्हणजे मागे दिवा नसलेली ट्रॉली. सुगीच्या दिवसांत पेंढा भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते आणि मागून येणाऱ्याला ती दहा पावलांवर दिसते. हे आपल्याच लोकांचे काम आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ट्रॉलीच्या मागे लाल चमकती पट्टी चिकटवायला फार खर्च येत नाही. तीच पट्टी हेल्मेटच्या मागे आणि रेनकोटच्या पाठीवर लावली तर आपणही दिसतो.

कांबा, वरप, म्हारळ मागे पडले की गर्दी दाटू लागते आणि शहाडचा पूल ओलांडून आपण कल्याणात शिरतो. इथे गाडीचा वेग आपोआप बैलगाडीचा होतो. पण वेग कमी म्हणजे धोका कमी, हा समज खोटा आहे. जुलै २०१८ मध्ये कल्याणच्या शिवाजी चौकात भर पावसात एक दुचाकी खड्ड्यामुळे घसरली. मागे बसलेली महिला रस्त्यावर पडली आणि शेजारून जाणाऱ्या बसच्या चाकाखाली आली. चौकातल्या कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्या एका पावसाळ्यात कल्याण परिसरात खड्ड्यांनी पाच बळी घेतल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. बसचे चाक अंगावरून गेल्यावर हेल्मेट काही करू शकत नाही, हे मला कळते. पण दुचाकी घसरणे आणि मागचे माणूस फेकले जाणे हे रोज कुठे ना कुठे घडते. दर वेळी शेजारी बस नसते. बहुतेक वेळा असतो तो नुसता रस्ता, आणि डोके त्यावर आपटते. तिथे हेल्मेट कामाला येते.

खड्डा स्कूटरला जास्त का बाधतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मोटारसायकलचे चाक सतरा-अठरा इंची रिमचे, तर स्कूटरचे दहा किंवा बारा इंची. लहान चाक खड्ड्यात खोल बुडते आणि पलीकडच्या काठाला अडते. बैलगाडीचे मोठे चाक नांगरटीतून जाते आणि हातगाडीचे अडकते, तसेच हे. त्यात पावसाचे पाणी भरले की वीतभर खोल खड्डा आणि बोटभर खोल डबके दिसायला सारखेच. अशा वेळी पुढच्या वाहनाची चाके कुठे दचकतात ते पाहत, त्याच्यापासून अंतर ठेवून चालवावे. खड्डा चुकवण्यासाठी एकदम हँडल मारू नये. मागून बस किंवा डंपर येत असेल तर हळू होऊन खड्ड्यातून सरळ जाणे, हे वळसा घेऊन चाकाखाली जाण्यापेक्षा पुष्कळ बरे.

आता मागे बसणाऱ्याचा विचार करा. चालवणारा खड्डा पाहतो, ब्रेक दाबायचा आहे हे त्याला आधी कळते, आणि त्याचे दोन्ही हात हँडलवर असतात. मागच्याला यातले काहीच नाही. त्याला समोर फक्त पाठ दिसते. दचका बसतो तेव्हाच त्याला खड्डा समजतो. त्यात आपल्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, मांडीवर पिशवी, कडेवर मूल, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. म्हणजे पडण्याचा संभव ज्याला जास्त, त्याच्याच डोक्यावर काही नाही.

केंद्र सरकारचा २०२२ सालचा रस्ते अपघातांचा अहवाल पाहिला तर त्या वर्षी देशात ७४,८९७ दुचाकीवरची माणसे मेली. हेल्मेट नव्हते अशा मृतांची संख्या ५०,०२९, आणि त्यातली १४,३३७ माणसे मागे बसलेली होती. चौदा हजार म्हणजे आपल्या दहा-बारा गावांची वस्ती. दुचाकी विकताना कंपनीने हेल्मेट द्यावे असा नियम आहे, पण ते एक हेल्मेट घरी येते आणि कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर बसते, ते कायमचेच.

गोवेलीकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. विषय परसबागेचा होता. तो संपल्यावर मी सहज विचारले, कोणाकोणाच्या घरी हेल्मेट आहे? बहुतेक हात वर झाले. दोन कोणाकडे आहेत, असे विचारल्यावर बायका एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. एक वयस्क मावशी म्हणाल्या, "साहेब, गाडी आम्ही कुठं चालवतो? आम्ही नुसत्या मागं बसतो." दुसरी म्हणाली, "पोलीस बायांना धरत नाय." तिसरीचे म्हणणे, "अंबाड्यावर बसंल का ते?" पहिल्या दोन्हींचे उत्तर कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमानुसार चालवणारा आणि बसणारा दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने मागे बसणाऱ्यावरही कारवाई करण्याच्या सूचना सर्व जिल्ह्यांना दिल्या आहेत. केंद्रीय कायद्यात या गुन्ह्याला एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद आहे. तिसरा प्रश्न मात्र खरा आणि रास्त होता. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वर उचलले जाते. प्रवासापुरती वेणी घालून ती पाठीवर सोडावी किंवा मानेपाशी सैल गाठ मारावी. गजरा पिशवीत न्यावा आणि लग्नघरी पोचल्यावर माळावा. यावर त्या खूप हसल्या.

हेल्मेट कसे घ्यावे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक फसतात. रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांना टांगलेली टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायला बंदी आहे. चिन्हाजवळ आयएस ४१५१ हा क्रमांक आणि कारखान्याचा परवाना क्रमांक छापलेला असतो, तो पाहावा. नुसते स्टिकर कोणीही छापते. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आपण जसा पाहतो, तसे. बाहेरचे कवच कडक असते, पण खरे काम आतल्या जाड थर्माकोलचे. डोके आपटले की ते स्वतः चेपते आणि मार आपल्यात घेते. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलायचे असते. ते पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसू नये, थर्माकोल विरघळतो. साबणाच्या पाण्याचे फडके पुरे.

माप घ्यायला शिंप्याचा टेप भुवयांच्या बोटभर वर ठेवून डोक्याभोवती फिरवावा. जितके सेंटीमीटर, तेवढ्या मापाचे हेल्मेट. घातल्यावर डोके डावी-उजवीकडे हलवले तर गालाचे कातडे त्याच्याबरोबर हलले पाहिजे. हेल्मेट सैल फिरत असेल तर ते तुमचे नाही. आणि पट्टा! निम्मे लोक पट्टा लोंबता ठेवतात. पडताना असे हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर जाते. हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका पट्टा घट्ट हवा. काच पांढरी घ्यावी. काळ्या काचेतून संध्याकाळनंतर काही दिसत नाही. चांगले हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळते, दोन घेतली तर दोन हजार. एका फवारणीच्या औषधाला यापेक्षा जास्त जातात. चांगल्या हेल्मेटने जीव जाण्याचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा त्याहूनही जास्त कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे.

मुलांचे तर आपल्याकडे कोणी मनावरच घेत नाही. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान असेल तर त्याला चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारा पट्ट्यांचा बंद आणि त्याच्या मापाचे हेल्मेट घालून, ताशी चाळीस किलोमीटरच्या आत चालवावे, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. स्कूटरच्या पुढे पायाजवळ उभे केलेले पोर ब्रेक दाबला की तोंडावर हँडलवर आदळते. वडिलांना ते कौतुकाचे वाटते. हे कौतुक बंद झाले पाहिजे.

साडीचे एक सांगितले पाहिजे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी जाळी असते ती शोभेची नाही. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकला पाहिजे, हात धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ आहे. पोरे गाडी देखणी दिसावी म्हणून जाळी काढून टाकतात. मग आईचा पदर किंवा बहिणीची ओढणी चाकात जाते आणि गळ्याला फास बसतो. स्कूटरचे चाक बरेचसे झाकलेले असते, तरी पूर्ण नव्हे. पदर कमरेला खोचावा, ओढणी मागे गाठ मारून बांधावी, आणि जमेल तिने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. सलवार घालणाऱ्या सुनेला आणि लेकीला ते सहज जमते. सासूबाईंनी नाक मुरडू नये.

कल्याणहून ठाण्याला दोन वाटांनी जाता येते. एक दुर्गाडीवरून, दुसरी डोंबिवलीवरून. लेक डोंबिवलीला दिलेली असेल तर दुसरी वाट आलीच. पत्री पूल ओलांडायचा. शंभर वर्षांहून जुना हा पूल ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला, त्याच नोव्हेंबरात पाडला गेला, आणि नवा २५ जानेवारी २०२१ ला सुरू झाला. मधल्या काळात कल्याणकरांनी जे सोसले ते तेच जाणोत. पुढे शीळ रस्ता सिमेंटचा झाला आहे. सिमेंटच्या रस्त्याला खड्डे कमी, म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि तिथेच घात होतो. सिमेंटची पट्टी आणि जुना डांबरी रस्ता यांच्या मध्ये लांबवर गेलेली चार बोटांची पायरी असते. स्कूटरचे चाक त्या फटीशी समांतर चालले की अडकते आणि गाडी आडवी होते. ती पायरी तिरकी, जमेल तितकी काटकोनात ओलांडावी. पेव्हर ब्लॉकचे उखडलेले तुकडे, गटाराची लोखंडी झाकणे, मेट्रोच्या कामासाठी उभारलेले पत्रे आणि त्यांच्या कडेला सांडलेली बारीक रेती, ही सगळी ओल्या दिवसांत साबणासारखी निसरडी. मृगाचा पहिला पाऊस तर सर्वांत वाईट. वर्षभर रस्त्यावर ठिबकलेले तेल त्या दिवशी पाण्यावर येते. शेतकऱ्याला आनंदाचा असलेला तो पाऊस स्कूटरवाल्याला घरी बसवणारा आहे. (डोंबिवलीच्या औद्योगिक भागात तर फेब्रुवारी २०२० मध्ये एक रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला होता. वर्तमानपत्रांत फोटो आले होते. रस्त्यावर काय सांडलेले असेल याचा इथे भरवसा नाही, एवढे त्यावरून समजावे.)

डोंबिवलीत रिक्षा फार. प्रवासी दिसला की रिक्षा डावीकडे वळून जागच्या जागी थांबते, आणि थांबलेल्या मोटारीचे दार मागे न पाहता उघडते. उभ्या वाहनांपासून दाराएवढे अंतर ठेवूनच जावे, मग मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो.

पावसाळ्यात मागे बसून छत्री धरणारी माणसे इथे अजून दिसतात. छत्री म्हणजे शीडच. वारा भरला की ती बसणाऱ्याला मागे ओढते आणि चालवणाऱ्याचा तोल घालवते. त्यापेक्षा दोघांनाही रेनकोट घ्यावेत, शर्ट आणि पँट असे दोन तुकड्यांचे. झग्यासारखा घोळदार नको, त्याचे टोक चाकात जाते. काळा आणि खाकी रंगही नको. पिवळा, नारिंगी, पोपटी घ्यावा. चारचौघांत उठून दिसतो म्हणून पोरे लाजतात, पण उठून दिसावे म्हणूनच तर तो घ्यायचा. पायात चप्पल नको. ओल्या रस्त्यावर पाय टेकला की चप्पल राहते मागे आणि पाय जातो पुढे. टाच झाकलेला, रबरी तळाचा बूट बरा. आणि हातमोजे. पडताना माणूस आधी हात पुढे करतो आणि तळव्याची कातडी सोलून निघते. शहरातल्या कारकुनाचे काम आठ दिवस अडेल, आपली भाताची आवणी अडते. साधे जाड चामडी मोजे असले तरी तळवा वाचतो.

२०२४ पासून डोंबिवलीच्या मोठागावाहून खाडी ओलांडून थेट माणकोलीला निघता येते. दुर्गाडीची वाट कोनगाव, रांजणोली करत नाशिक महामार्गाने तिथेच येऊन मिळते. दुर्गाडीच्या किल्ल्यापाशी शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली, हे सांगितल्याशिवाय तिथून पुढे जाववत नाही. इथून पुढे मात्र भिवंडीच्या गोदामांचे राज्य. कंटेनर आणि लांबलचक ट्रेलर. ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याचे तोंड बाहेरून जाते आणि मागची चाके आतून, रस्त्याचा कोपरा कापत जातात. जो स्कूटरवाला त्याच्या डाव्या बाजूने पुढे घुसला तो त्या कोपऱ्यात सापडतो. ड्रायव्हर उंचावर बसलेला, त्याला तो दिसतही नाही. ट्रेलरचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही, हे धरून चालावे आणि मागे राहावे. खारेगाव-साकेतच्या खाडीपुलावर आडवा वारा असतो, तिथे हँडल दोन्ही हातांनी नीट धरावे.

जानेवारीत आणखी एक गोष्ट. २०२३ च्या संक्रांतीच्या सुमारास भिवंडीच्या उड्डाणपुलावर एका दुचाकीस्वाराचा गळा पतंगाच्या मांजाने चिरला आणि तो जागीच गेला. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो चोरून विकला जातो. उड्डाणपूल पतंगांच्या उंचीवर असतो म्हणून धोका तिथे अधिक. त्या दिवसांत गळ्याभोवती मफलर किंवा जाड उपरणे दुहेरी गुंडाळून टोके शर्टात खोचावीत, हेल्मेटची काच खाली ठेवावी. हँडलला लावायची तारेची कमान बाजारात मिळते, तीही चांगली. पुलावर वेग तीसच्या वर नको.

माजिवड्याला पोचलात की ठाणे आले. घोडबंदर रस्त्याने जायचे असेल तर गायमुखच्या घाटात मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही बेताने दाबावा, एकटा पुढचा कधीच नाही. घोडबंदरचे खड्डे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतात, त्याबद्दल मी वेगळे काय लिहू? पण एक उपयोगाचे सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश दिला आहे की खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवते. खेड्यातला माणूस शहरातल्या रस्त्यावर पडला तरी हा हक्क त्याला आहे.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करावा. पडलेल्याला पाणी पाजू नये. आपल्याकडे सर्वांत आधी तेच करतात, आणि बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जाते. हेल्मेट ओढून काढू नये. श्वास चालू असेल तर मान न हलवता तसेच राहू द्यावे, फक्त काच वर करावी. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती जुनी झाली. कायद्याच्या १३४-अ कलमाने त्याला संरक्षण आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात, तेव्हा दाखल करतानाच या योजनेचे नाव घ्यावे. सोबतच्या कोणीतरी खड्ड्याचा फोटो आजूबाजूची दुकाने किंवा पाटी दिसेल अशा बेताने त्याच दिवशी काढावा, कारण दुसऱ्या दिवशी तो बुजवलेला असू शकतो. पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याची कागदे आणि तो फोटो, हे सारे सातबाऱ्याच्या पिशवीतच एकत्र ठेवावे.